जर्मनीतील नोकरी : सौद्याआधीचा हिशेब

दिवाळीचे वहीपूजन आटोपलेले असते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखाटून कुंकू वाहिलेले असते. घरातील तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतात आणि त्याच बैठकीत नुकताच वाणिज्य पदवीधर झालेला मुलगा दबक्या आवाजात विषय काढतो, "पप्पा, मला नोकरीसाठी जर्मनीला जायचे आहे." क्षणभर कोणी बोलत नाही. मग आजोबा विचारतात, "पगार किती मिळेल?" आई विचारते, "जेवणाचे काय करशील?" वडील मात्र बराच वेळ गप्प राहून एवढेच म्हणतात, "आणि दुकान?"

गावोगावच्या व्यापारी घरांत हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्याही आधी विचारावयाचा चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. ही नोकरी नेमकी कोणत्या कायद्याने, कोणत्या कागदपत्रांवर आणि कोणाकडून मिळणार? नमुना पाहिल्याशिवाय पोतेभर धान्य न उचलणारी घरे मुलाच्या परदेशी नोकरीसाठी मात्र एका दूरध्वनीवर लाखो रुपये मोजतात, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून प्रथम चौथ्या प्रश्नाचा विचार करू. पहिले तीन ओघाने येतीलच.

गरज खरी, पण सरसकट नव्हे

जर्मनीला कामाची माणसे हवी आहेत, हे खोटे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत तेथे जन्मदर मोठा होता. ती पिढी आता निवृत्त होत आहे आणि तिची जागा घेण्याइतके तरुण त्या देशात नाहीत. या गरजेपोटी १ मार्च २०२० रोजी तेथे कुशल कामगारांच्या स्थलांतराचा नवा कायदा लागू झाला आणि २०२३-२४ मध्ये तो टप्प्याटप्प्याने अधिक सैल करण्यात आला. भारत आणि जर्मनी यांच्यात ५ डिसेंबर २०२२ रोजी नवी दिल्ली येथे स्थलांतरविषयक करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. महाराष्ट्राचा संबंध तर त्याहून जुना आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत आणि श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला आहे.

तथापि ९०,००० हा आकडा म्हणजे तितक्या नोकऱ्यांची हमी नव्हे. दरवाजा किती रुंद उघडता येईल, एवढेच तो सांगतो. आत कोणाला बोलावणे आहे, हे पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. परिचारिका आणि वृद्धसेवा करणारे, डॉक्टर, अभियंते, संगणक क्षेत्रातील जाणकार, वीजतंत्री, नळजोडणी व बांधकामातील कारागीर यांची टंचाई मोठी आहे. आपल्या घरांतील मुले बहुधा बी.कॉम., एम.कॉम. किंवा बी.बी.ए. झालेली असतात. त्यांच्यासाठी ही वाट सर्वांत अवघड आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

त्याचे कारण त्यांच्या बुद्धिमत्तेत नाही. लेखापालाचे काम त्या त्या देशाच्या कायद्याला बांधलेले असते. जर्मन व्यापारी संहितेनुसार कंपनीचा वार्षिक ताळेबंद जर्मन भाषेत आणि युरोमध्येच मांडावा लागतो. आपला जीएसटीचा अनुभव, टॅलीवरील हातखंडा किंवा आयकर विवरणपत्रांची जाण तेथे जशीच्या तशी चालत नाही. कर सल्लागार हा तर तेथे कायद्याने संरक्षित व्यवसाय आहे. त्याची स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. अभियंता इंग्रजीच्या बळावर एखाद्या मोठ्या कंपनीत शिरू शकतो. हिशेबनीसाला ते सहसा साधत नाही.

चार वाटा

कायदेशीर वाटा मुख्यतः चार आहेत.

पहिली वाट थेट नोकरीच्या कराराची. भारतात राहूनच अर्ज करावा, मुलाखत द्यावी, करार हाती यावा आणि मग व्हिसा घ्यावा. पदवीधरांसाठी यातील सर्वांत लाभाचा परवाना म्हणजे युरोपीय महासंघाचे ब्लू कार्ड. त्यासाठी २०२५ साली किमान वार्षिक ढोबळ वेतन ४८,३०० युरो ठरलेले होते. टंचाईच्या व्यवसायांसाठी आणि नव्या पदवीधरांसाठी ते ४३,७५९.८० युरो होते. ही मर्यादा दरवर्षी बदलते, म्हणून अर्जाच्या वर्षाचा आकडा पाहावा. ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीची असल्यास २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो.

दुसरी वाट 'चान्सेनकार्टे' म्हणजे संधिपत्राची. १ जून २०२४ पासून सुरू झालेला हा परवाना नोकरी हाती नसतानाही जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत ती शोधण्याची मुभा देतो. त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते.

तिसरी वाट शिक्षणाची. तेथे पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो. बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय महासंघाबाहेरील विद्यार्थ्यांना सहामाहीस १,५०० युरो भरावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाच्या कार्यालयाकडून शैक्षणिक कागदपत्रे प्रमाणित करून घ्यावी लागतात.

चौथी वाट 'आउसबिल्डुंग' म्हणजे उमेदवारीची. तिची चर्चा आपल्याकडे सर्वांत कमी होते. परंतु व्यापारी घरांना ती सर्वांत जवळची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

दुकानातला अनुभव आणि कागदाचा पुरावा

संधिपत्रासाठी दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी पात्रतेची. ज्या देशात शिक्षण झाले तेथे मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण हवे. शिवाय जर्मन भाषा ए-१ किंवा इंग्रजी बी-२ पातळीची हवी. विद्यापीठ आणि पदवी मान्य आहे काय, हे 'आनाबीन' या जर्मन सरकारी माहितीकोशात कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे पदवीची नोंद न सापडल्यास बॉन येथील केंद्रीय कार्यालयाकडून शुल्क भरून समकक्षतेचे पत्र घेता येते.

दुसरी पायरी गुणांची. किमान सहा गुण लागतात. वय पस्तिशीच्या आत असल्यास दोन. गेल्या पाच वर्षांत शिक्षणाशी निगडित दोन वर्षांचा अनुभव असल्यास दोन. जर्मन भाषा ए-२ असल्यास एक, बी-१ असल्यास दोन, बी-२ असल्यास तीन. इंग्रजी सी-१ असल्यास आणखी एक. म्हणजे पंचवीस वर्षांचा, दोन वर्षे अनुभव असलेला, जर्मन बी-१ झालेला वाणिज्य पदवीधर बरोबर सहावर पोहोचतो.

आणि येथेच आपल्या घरांतील मुलांची अडचण होते. मुलगा चार वर्षे गल्ल्यावर बसलेला असतो, खरेदी पाहतो, उधारी वसूल करतो, बँकेत जातो. पण त्याच्या नावे पगारपत्रक नसते, नेमणूकपत्र नसते, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नसते. घरच्याच मुलाला कसला पगार, अशी आपली समजूत! जर्मन अधिकाऱ्यापुढे मात्र कागद नसलेला अनुभव मांडताच येत नाही. ज्या मुलाला पुढे-मागे बाहेर जाण्याची इच्छा असेल, त्याला आजच पेढीत रीतसर नेमणूकपत्र द्यावे, दरमहा वेतन बँकेतून द्यावे, कामाचे स्वरूप लिहून ठेवावे. हे सर्व प्रत्यक्षातील कामाचेच असावे, हे वेगळे सांगणे नको. मागील तारखांचे कागद तयार करणे हा गुन्हा आहे आणि व्हिसाच्या अर्जात खोटे आढळल्यास पुढील दरवाजेही बंद होतात.

याच परवान्यासाठी निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. ती बहुधा अवरुद्ध खात्यात रक्कम ठेवून केली जाते. २०२५ मध्ये महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो असा दर होता. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचे शंभर रुपये धरले, तर तेरा लाख नऊ हजार रुपये झाले. ही रक्कम म्हणजे फी नव्हे. ती मुलाचीच असते आणि दरमहा ठरावीक हप्त्याने त्याला परत मिळते. पण नोकरी मिळेपर्यंत ती खर्चच होत असते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, शिक्षण किंवा उपचार यांखेरीज अन्य कारणासाठी एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक रक्कम परदेशी पाठविल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, परंतु तोपर्यंत भांडवल अडकते. ज्यांचा पैसा मोसमात फिरत असतो, त्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

पेढीची उमेदवारी, जर्मन रीतीने

जुन्या पेढ्यांवर मालकाचा मुलगाही थेट गादीवर बसत नसे. आधी गोदामात माल मोजावा, मग मापाड्याबरोबर उभे राहावे, मग मुनिमाच्या हाताखाली रोकडवही लिहावी आणि त्यानंतर खतावणीला हात लावावा, असा क्रम असे. जर्मनीने हीच रीत कायद्यात आणि परीक्षेत बांधून आजही चालू ठेवली आहे.

आउसबिल्डुंगमध्ये उमेदवार एखाद्या आस्थापनेशी करार करतो. आठवड्यातील तीन-चार दिवस तो तेथे प्रत्यक्ष काम शिकतो आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. व्यवसायानुसार हा काळ दोन ते साडेतीन वर्षांचा असतो. शिकण्याचे शुल्क नाही. उलट दरमहा विद्यावेतन मिळते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो होते आणि अनेक आस्थापना त्याहून अधिक देतात. व्यापारी शाखांतील अखेरची परीक्षा वाणिज्य व उद्योग मंडळ घेते आणि तिचे प्रमाणपत्र देशभर मान्य असते.

आपल्याला जवळची गोष्ट अशी की, या पद्धतीत केवळ सुतार, वीजतंत्री किंवा परिचारिका घडत नाहीत. घाऊक व परदेशी व्यापार, किरकोळ विक्री, औद्योगिक व्यवस्थापन, मालवाहतूक व निर्यात-आयातीची कागदपत्रे, बँक व्यवहार अशा शाखाही तिच्यात आहेत. मालाचा भाव कसा काढावा, पुरवठादाराशी करार कसा करावा, सीमाशुल्काची कागदपत्रे कशी भरावीत, गोदामातील साठा कसा राखावा, हे सारे तेथे पगारी उमेदवारीत शिकवले जाते. ज्याच्या घरी चार पिढ्यांचा व्यापार आहे, त्या मुलाला हे परके वाटण्याचे कारण नाही.

अडचणी मात्र दोन आहेत. एक म्हणजे भाषा. या व्हिसासाठी साधारणतः बी-१ पातळी लागते आणि वर्गात टिकायचे असेल तर बी-२ गाठलेली बरी. दुसरी अडचण मनाची. पदवी घेतलेल्या मुलाने पुन्हा उमेदवार म्हणून, आपल्याहून चार-सहा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बसायचे, हे अनेकांना कमीपणाचे वाटते. लग्नाच्या बोलणीत "मुलगा जर्मनीत काय करतो?" या प्रश्नाला "शिकाऊ आहे" असे उत्तर देणे आई-वडिलांना जड जाते. परंतु तीन वर्षांनी हाती येणारे प्रमाणपत्र त्या देशात वजनाचे असते आणि त्यानंतरच्या कुशल नोकरीचा परवानाही त्याच्या आधारे मिळतो. शिकाऊ म्हणवून घेण्याची लाज आणि पदवी असूनही कोठारात खोकी उचलण्याची वेळ, यांत कोणती गोष्ट अधिक खर्चाची, याचा विचार शांतपणे व्हावा.

भाषा हेच भांडवल

चारही वाटांवर एक गोष्ट समान आहे. भाषा येत नसेल तर सर्व खर्च दुप्पट होतो. मुंबई व पुणे येथील मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकण्याची आणि परीक्षेची सोय आहे. अन्यत्र खासगी वर्ग आहेत. दुकान सांभाळून शून्यापासून बी-१ पर्यंत जाण्यास नियमित अभ्यासाचे वर्षभर तरी धरावे. "तेथे गेल्यावर आपोआप येईल" हे म्हणणे फसवे आहे. तेथे गेल्यावर प्रत्येक महिना लाखभर रुपयांचा असतो. येथे तोच महिना वर्गाच्या फीत भागतो.

शिवाय या वर्षाचा आणखी एक उपयोग आहे. रोज पहाटे उठून दोन तास अभ्यास करण्याची चिकाटी मुलात आहे की नाही, हे त्याच वर्षात घरच्यांना कळते. ती नसेल, तर ते येथेच कळलेले बरे.

अर्ज आणि प्रशस्तिपत्राची भाषा

जर्मन मालकाला पाठवावयाचा परिचय एक-दोन पानांचा, तक्त्याच्या स्वरूपातील आणि महिना-वर्षासह असावा लागतो. मधला काळ रिकामा दिसला तर त्याचे कारण विचारले जाते. त्यासोबत त्या विशिष्ट जागेसाठी लिहिलेले पत्र, पदवीची व भाषेची प्रमाणपत्रे आणि पूर्वीच्या मालकांची प्रशस्तिपत्रे जोडायची असतात. एकच पत्र शंभर ठिकाणी धाडल्याचे तेथे लगेच ओळखू येते.

प्रशस्तिपत्राची तर तेथे एक स्वतंत्र परिभाषाच आहे. कर्मचाऱ्याला असे पत्र मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि त्यात त्याचे नुकसान करणारी कठोर वाक्ये लिहिता येत नाहीत. त्यामुळे सौम्य शब्दांची उतरंड तयार झाली आहे. 'सदैव आमच्या संपूर्ण समाधानाने काम केले' या अर्थाचे वाक्य म्हणजे उत्तम. 'आमच्या समाधानाने काम केले' एवढेच असेल, तर काम जेमतेम होते असे वाचणारा समजतो. येथील मालकाने भाबडेपणाने लिहिलेले साधे पत्र तेथे कसे वाचले जाईल, याची कल्पना यावरून येते. पत्रात कामाचे स्वरूप, कालावधी आणि जबाबदारी सविस्तर लिहून घ्यावी.

जागा शोधण्यासाठी जर्मन संघराज्याच्या रोजगार संस्थेचे आणि 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी संकेतस्थळ विनामूल्य आहे. या संस्थेचे मुख्य कार्यालय न्युर्नबर्ग येथे आहे. खासगी संकेतस्थळेही आहेत. पण आरंभ सरकारी दारापासून करावा.

दलालाची पारख

दलाली हा शब्द व्यापाऱ्याला अपरिचित नाही आणि प्रत्येक दलाल लबाड नसतो. मात्र परदेशी नोकरीच्या बाबतीत काही खुणा पक्क्या आहेत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने केंद्र सरकारकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो. त्याला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकेच मर्यादित आहे. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते. जो आठ-दहा लाख रुपयांत 'पक्की नोकरी' देऊ करतो, त्याला पहिला प्रश्न परवाना क्रमांकाचा विचारावा. उत्तराऐवजी राग आला, तर तेच उत्तर समजावे.

समोरच्या जर्मन कंपनीची पारखही घरबसल्या करता येते. तेथील व्यापारी नोंदवही सर्वांना खुली आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. हा तपशील नसेल, नेमणूकपत्र फुकटच्या ई-मेल पत्त्यावरून आले असेल, मुलाखतीशिवाय निवड झाली असेल किंवा मुलाखतीसाठीच पैसे मागितले जात असतील, तर व्यवहार तेथेच थांबवावा. व्हिसाची हमी कोणताही एजंट देऊ शकत नाही. निर्णय वकिलातीचा असतो. नव्या ग्राहकाला पहिल्याच भेटीत पाच लाखांची उधारी न देणाऱ्या माणसाने अनोळखी एजंटाला ती रोख का द्यावी?

पगार किती : आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

करारातील आकडा ढोबळ असतो; हाती येणारा वेगळा. वर्षाला ४८,३०० युरो म्हणजे महिन्याला ४,०२५ युरो. अविवाहित माणसाच्या बाबतीत त्यातून निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी आणि दीर्घकालीन शुश्रूषा या चार विम्यांसाठी सुमारे पाचवा हिस्सा कापला जातो. त्यावर आयकर. हाती सुमारे २,६०० युरो उरतात. मोठ्या शहरात एका खोलीच्या घराचे भाडे, वीज, जेवण, प्रवास वजा जाता शिल्लक राहते ती बेताचीच. तिला शंभराने गुणून रुपये करणे सोपे आहे; पण खर्चालाही शंभरानेच गुणले पाहिजे, हे पुष्कळदा विसरले जाते.

कापलेले पैसे वाया जात नाहीत, हेही तितकेच खरे. आजारपणात इस्पितळाचे मोठे बिल हाती पडत नाही. भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू असल्याने निवृत्तिवेतनाची पात्रता ठरविताना दोन्ही देशांतील विम्याचा काळ जमेस धरता येतो.

घरासाठी मालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत घेऊ शकतो. राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. तेथे धर्म विचारला जातो, कारण मान्यताप्राप्त चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर वेगळा घेतला जातो. जैन मुलाला तो लागू नाही. परंतु रकाना नजरचुकीने भलताच भरला जाऊ नये. आपल्याकडे सिबिलचा गुणांक पाहतात तसा तेथे 'शुफा' पाहतात. १९२७ पासून चालत आलेली ही संस्था माणसाची पत नोंदवून ठेवते. एखादे बिल थकवून ते वसुलीपर्यंत गेले, तर पुढील घर मिळणे कठीण होते.

नोकरीत सहसा सहा महिने परिवीक्षेचे असतात. त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी जाऊ शकते आणि ती गेल्यास परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते, कारण वास्तव्याचा परवाना तिच्याशी जोडलेला असतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत घरी मोठी रक्कम पाठविण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये आणि त्या भरवशावर येथे कर्ज तर मुळीच काढू नये.

ताट आणि सूर्यास्त : आईच्या प्रश्नाचे उत्तर

शाकाहार जर्मनीत आता अवघड राहिलेला नाही. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले मोठ्या शहरांतील भारतीय व तुर्की दुकानांत मिळतात. दूध, भाज्या, फळे सर्वत्र मिळतात. सावध राहावे लागते ते छुप्या घटकांबाबत. मऊ गोळ्या-मिठायांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते. काही चीज बनविताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. भाजीच्या सूपलाही मांसाच्या रश्शाचा आधार असू शकतो. वेष्टनावरील घटकसूची वाचण्यापुरती जर्मन पहिल्या आठवड्यातच कामी येते. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्याला कार्यालयाच्या खानावळीत फारसे काही सापडणार नाही, कारण बटाटा आणि कांदा हा तेथील स्वयंपाकाचा पायाच आहे. डबा स्वतःचाच न्यावा लागेल आणि त्यासाठी स्वयंपाक येथूनच शिकून गेले पाहिजे.

चौविहार पाळणाऱ्याची कसोटी मात्र ऋतू घेतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तेव्हा काहीच अडचण नाही. डिसेंबरात बर्लिनमध्ये सूर्यास्त चारच्याही आधी होतो आणि दक्षिणेत साडेचारच्या सुमारास. कामावरून सुटण्यापूर्वीच अंधार पडलेला असतो. कोणी दुपारीच दुसरे जेवण उरकतो, कोणी हिवाळ्यापुरता नियम शिथिल करतो. काय करावे हे ज्याचे त्याने आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावे; पण तेथे गेल्यावर पहिल्या डिसेंबरात एकट्याने, अपराधी मनाने ठरविण्यापेक्षा ते जाण्याआधी ताटावर बसून बोललेले बरे. पर्युषणासाठी वार्षिक रजा राखून ठेवता येते. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान वीस दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते.

आणि दुकान?

वडिलांच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर नाही. परंतु त्यामागे दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात आणि ते सुटे केले पाहिजेत. मुलगा काही मिळवायला चालला आहे, की दुकानातल्या कशापासून तरी दूर चालला आहे? पुष्कळदा मुलाला व्यापार नको नसतो. त्याला वडिलांच्या शेजारी, स्वतःच्या निर्णयाविना, स्वतःच्या पगाराविना बसणे नको असते. ते कारण असेल, तर त्यावरचा उपाय जर्मनीहून स्वस्त आहे. एखादा विभाग, एखादी नवी एजन्सी, आयातीचे एखादे काम पूर्णपणे त्याच्या हाती द्यावे आणि नफ्या-तोट्यासह ते त्याचेच राहू द्यावे.

आणि तो खरोखर शिकायला, मिळवायला चालला असेल, तर जाणे म्हणजे तुटणे नव्हे. फ्रँकफुर्टला दर जानेवारीत गृहवस्त्रांचे जागतिक प्रदर्शन भरते. कलोन येथे एक वर्षाआड खाद्यपदार्थांचे मोठे प्रदर्शन भरते. तेथील भाषा, करारांची रीत आणि पुरवठ्याची शिस्त जाणणारा घरचा माणूस सोलापूरच्या टॉवेलला किंवा सांगलीच्या हळदीला किती उपयोगी पडेल, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र निघण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात आणि त्याखाली बाप-लेक दोघांनीही सही करावी. या प्रयत्नावर अधिकाधिक किती रक्कम खर्चावयाची. किती महिने वाट पाहावयाची. आणि त्या मुदतीत जमले नाही तर मुलगा परत येईल तेव्हा त्याला कोणी काही बोलणार नाही. यांतील तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. परतीची लाज वाटून कर्ज काढत, घरी खोटे सांगत, परवान्याबाहेरची कामे करीत परक्या शहरात दिवस ढकलणाऱ्या मुलाचे नुकसान पैशांत मोजता येत नाही. व्यापारात प्रत्येक माल खपत नाही. न खपलेला माल परत आणणाऱ्याला पेढी कधी बुडवा म्हणत नाही. मुलाच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.

हा कागद नव्या वहीच्या पहिल्या पानाआड जपून ठेवावा. पुढच्या दिवाळीत ती वही उघडेल, तेव्हा घरातील खुर्ची रिकामी असो वा भरलेली, हिशेब सर्वांना ठाऊक असेल.